ओळीनंतरची जागा

गाणं संपल्याशिवाय ते कुणाला बसमधून उतरू देत नसत.

डिचोली-म्हापसा मार्गावरच्या एका खाजगी बसवर ते कंडक्टर होते. ड्रायव्हरच्या डोक्यावर टेप बसवलेला, कॅसेटी ह्यांच्या स्वतःच्या. बसच्या पत्र्यावर हाताने एक ठोका मारला की ड्रायव्हरने थांबायचं, दोन ठोके मारले की निघायचं. इतर बसवर हे ठोके माणसांच्या चढण्या-उतरण्यावर पडायचे, ह्यांच्या बसवर गाण्यावर. तुमचा थांबा आला आणि गायिका शेवटच्या कडव्यात असली, तर ठोका पडायचाच नाही. बस पुढे जायची. मागून एखादी बाई ओरडायची, "अरे बाबा, म्हजो थांबो गेलो मरे!"

हे शांतपणे म्हणायचे, "थांबो खंय वता? थांबो थंयच आसता. गाणें वता."

गाणं संपलं की एक ठोका. बाई शिव्या घालत मागे चालत यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच बसला हात करायची, कारण गाणी चांगली असायची. म्हातारी माणसं शहाणी. ती पायरीवर पाय ठेवतानाच विचारून घ्यायची, "गाणें व्हडलें आसा काय ल्हान?"

त्यांना सगळे टेपकार म्हणत. ते स्वतः कुणालाच नावाने हाक मारत नसत, थांब्याच्या नावाने मारत. नार्वेची माणसं सगळी 'नार्वे', मयेची 'मये'. मी सिंधुदुर्गातला, सीमेपलीकडून आलेला, म्हणून मी कायमचा 'दोडामार्ग'. त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली तेव्हा गोवा राज्य होऊन काही वर्षं लोटली होती आणि मला पाळीकडच्या एका खाण कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली होती. खोली दाखवताना त्यांनी मला दोन अटी सांगितल्या. जनेल, म्हणजे खिडकी, उघडी टाकून जायचं नाही, कारण खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ आत येते. आणि घरात गाणं चालू असताना दार वाजवायचं नाही.

"आणि आग लागली तर?" मी गमतीने विचारलं.

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "गाणें कितलें उरलां, तें पळोवंक जाय," म्हणाले. म्हणजे आधी गाणं किती उरलंय ते बघायचं.

धुळीची त्यांना भयंकर धास्ती. ट्रक गेला की ते टेपवर पंचा टाकायचे, टाकलेला पंचा झटकायला बाहेर जायचे, तोवर दुसरा ट्रक यायचा. टेपचं डोकं पुसायला ते काजूची फेणी वापरत. स्वतः थेंबाला शिवायचे नाहीत. काकी, म्हणजे त्यांची बायको, पाहुण्यांना सांगायची, "आमगेर सोरो पियेता तो फकत टेप." पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरते म्हणून त्या चुलीमागच्या भिंतीतल्या फडताळात, आमसुलांच्या आणि सुक्या मिरच्यांच्या शेजारी. भिंत कोमट राहायची. त्यांची कुठलीही कॅसेट उघडली की आधी धुराचा आणि आमसुलाचा वास यायचा, मग गाणं.

ऐकायला बसले की ते खरोखर बसत. टेपसमोर कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून, पाय जवळ घेऊन, देवळात बसल्यासारखे. काकी नारळ खवत असली तर तिचा हात आपोआप थांबायचा आणि ती तोंडातल्या तोंडात बोलायची, "सोंपलें की सांग, हुमण करपता." नावडतं गाणं पुढे ढकलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कॅसेट लावली की बाजू संपेपर्यंत. वीज गेली तर बोट टेपवर ठेवून तसेच बसायचे, आणि आली की गाणं जिथे तुटलं तिथून नव्हे, पहिल्यापासून. मी एकदा घाईत टेप मधेच बंद केला, तर ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "ती गायता मरे! मदींच तिच्या तोंडार हात दवरलो तुवें."

आज माझ्या घरात कुणालाही सांगितलं तर खोटं वाटेल. माझा मुलगा भिंतीवरच्या स्पीकरला हुकूम सोडतो, गाणं सुरू होतं, पहिली ओळ पुरी व्हायच्या आत तो दुसरा हुकूम सोडतो. जगातली सगळी गाणी आमच्याकडे आहेत आणि त्यातलं एकही आमच्या घरात नाही. दरमहा भाडं भरतो, गाणी येऊन जातात. मी जन्मभर भाडेकरूच राहिलो, असं कधी कधी मनात येतं. मुलाला बोलत नाही. मी फारसं काही कुणाला बोलत नाही, ही माझी जुनी खोड. तिच्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

गणपतीत, चवथीला, टेपकार बसवर सुट्टी टाकायचे आणि वाडीवर घरोघर चालणारी आरती टेप करत फिरायचे. आमच्या वाडीवर आरती म्हणजे मातीच्या भांड्याचं घुमट, झांजा, आणि एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. म्हणणारे बहुधा तेच, कारण आवाज त्यांचा मोठा, बसमध्ये तापलेला. घराघरात बोलणं कोकणीत, देवापुढचं गाणं मराठीत. कोकणी की मराठी ह्या भांडणात ह्या बाजूचे आणि त्या बाजूचे झालेले लोक वर्षभर एकमेकांकडे बघायचे नाहीत, पण गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली खांद्याला खांदा लावून तीच ओळ उचलायचे. टेपकारांना ह्याचा फार आनंद. "भांडतात ते आयकूंक येना टेपीर," म्हणायचे.

पहिल्या वर्षी चवथ झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि ती कॅसेट लावली. उचलण्याच्या गलक्यातून ते एकेक आवाज बोटाने वेगळा काढत होते, जसे गर्दीतून उतारू. "हो नार्वे. हो मये, सर्दी जाल्या ताका. हें म्हजें चेडूं." त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. बाजू संपली. ते माझ्याकडे वळले.

"दोडामार्ग खंय?"

"मी मागे होतो, काका. माइकपासून लांब."

"मये तुज्या फाटल्यान आसलो," ते म्हणाले. माझ्याही मागे, आणि तरी त्याचा आवाज टेपवर आला होता.

मी ओठ हलवले होते, आवाज काढला नव्हता. आवाज वाईट म्हणून नव्हे. ऑफिसात मला जे काम दिलं होतं ते असं: खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसून उपसून वाडीच्या विहिरी आटल्या होत्या, शेतात तांबडा गाळ येत होता, आणि तक्रार घेऊन माणसं ऑफिसात यायची. त्यांना बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं, आणि सांगायचं की साहेब बाहेर गेलेत. साहेब आत असायचे. मी चांगला बोलतो, गावच्या भाषेत बोलतो, म्हणून हे काम माझ्याकडे. माणसं माझ्यावर विश्वास ठेवून उठून जायची. मग चवथ यायची आणि तीच माणसं माझ्या डाव्या-उजव्या बाजूला उभी राहून गायची. माझ्या घशातून ओळ निघायची नाही.

आणि मग एक दिवस टेपकार स्वतः आले.

खाकी शर्ट, खांद्यावर चामड्याची पिशवी, दोन फेऱ्यांच्या मधला वेळ काढून. त्यांच्या विहिरीला तांबडं पाणी लागलं होतं. मला ते माहीत होतं, मी त्याच विहिरीचं पाणी प्यायचो. ते बाकावर बसले. मला म्हणाले, "साहेब आसात मरे?"

मी त्यांना पाणी दिलं. म्हणालो, "साहेब बाहेर गेलेत, काका."

आत, साहेबांच्या केबिनमध्ये, रेडिओ चालू होता. हळू, पण चालू. गाणं लागलं होतं. आम्ही दोघांनी ते एकाच वेळी ऐकलं. मी टेबलावरचे कागद सारखे केले, परत विस्कटले, परत सारखे केले. त्यांनी पेला खाली ठेवला, पाय जवळ घेतले, आणि घरी टेपसमोर बसायचे तसे बसून राहिले. गाणं संपेपर्यंत. आतून कुणीतरी हसलं, साहेबच. गाणं संपलं तसे ते उठले, पिशवी खांद्यावर नीट केली.

"गाणें बरें आसलें," म्हणाले आणि गेले.

त्या संध्याकाळी मी खोलीवर जायला घाबरत होतो. उगाच पाळीपर्यंत चालत गेलो, परत आलो. दारात काकीने उंडे पाव आणि भाजी झाकून ठेवली होती. टेपकारांनी विचारलं, "जेवलो?" मी हो म्हणालो. एवढंच. खोली सोड म्हणतील, चार माणसांत बोलतील, निदान रागाने बघतील, ह्याची मी वाट पाहत राहिलो. कितीतरी महिने. त्यांनी यातलं काही केलं नाही. पुढच्या चवथीला मात्र त्यांनी माइक उचलून नेमका माझ्या समोर आणून ठेवला.

मी ओठ हलवले. आरतीभर माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्या वर्षीची कॅसेट त्यांनी मला ऐकवली नाही.

वाडी हळूहळू रिकामी झाली. कुणी साखळीला गेलं, कुणी म्हापशाला, कुणाची पोरं आखातात. चवथीला घरी येणारे दोघे-तिघे, गायला कुणी नाही. लोक टेपकारांकडे यायला लागले, "आरतीची टेप दी मरे, लावून सोडतलों." टेपकार अस्वस्थ झाले. नाही म्हणवेना, द्यावीशी वाटेना. देवापुढे टेप लावून माणसं हात जोडून गप्प उभी राहणार, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. चार दिवस जेवण गेलं. मग त्यांनी एक युक्ती काढली.

खोलीचं दार लावून, घुमट नाही, झांज नाही, ते एकटे टेपसमोर बसले आणि नवी कॅसेट भरायला लागले. मी जनेलातून पाहिलं. ते एक ओळ म्हणायचे, आणि थांबायचे. टेप फिरत राहायचा. लोकांनी उचलायची ती ओळ ते मनातल्या मनात म्हणायचे, नुसते ओठ हलवत, मांडीवर बोटांनी ठेका धरून. ती पुरी झाली की पुढची ओळ मोठ्याने. तसे ओठ हलवताना मी त्यांना पाहिलं आणि मला जनेलापाशी उभं राहवेना. मी लपायला जे करत होतो, तेच ते दुसऱ्याला जागा करून द्यायला करत होते.

अशा कॅसेटी त्यांनी मागेल त्याला दिल्या. लोक वैतागले. "टेपकारान फसयलें. अर्दें गाणें भरलां!"

"अर्दें तुमचें," ते म्हणायचे.

मी नोकरी बदलून पर्वरीला गेलो तेव्हा त्यांनी मला एक कॅसेट दिली. "दोडामार्ग, ही तुजी," एवढंच बोलले. मी ती कधी लावली नाही. तीन घरं बदलली, टेप मोडीत गेला, सीडी आल्या आणि गेल्या, लग्न झालं, मूल झालं, खाणी बंद पडल्या. कॅसेट कपाटात कपड्यांखाली राहिली. कपडे काढताना आमसुलाचा वास यायचा. बायको म्हणायची, "हे काय जपून ठेवलंय?" मी म्हणायचो, "असू दे."

ह्या वर्षी चवथीच्या आधी त्यांच्या मुलीचा फोन आला. काकी गेल्याचं मला कळलं होतं, वाडीवरचं घर तडे जाऊन सोडल्याचंही. टेपकार आता म्हापशाला मुलीच्या फ्लॅटमध्ये होते. त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

"डॉक्टर म्हणता, कांय जाणांक उलोवंक येना, पूण गावंक येता," ती म्हणाली. "फोनार जाय तितल्यो आरत्यो आसात. लायल्यो हांवें. बाबा तोंड फिरयता. तातूंत सगळेच गायतात, बाबांक जागाच ना. त्यांच्यो टेपी सगळ्यो बुरशेल्यो. तुमगेर एक आसा ना? ती जागा सोडिल्ली?"

बोलता न येणाऱ्या काहींना गाता येतं, म्हणून तिला वाटत होतं, मोकळी जागा आली की बाबा ती भरतील. सवयीने. आवाज परत येईल. तिच्या बोलण्यात फार आशा होती. ती शेवटची कॅसेट माझ्याकडे होती आणि मी ती एकदाही ऐकलेली नव्हती. तिच्यात आवाज शिल्लक आहे की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

टेप कुणाकडे नव्हता. म्हापशाच्या बाजारात एक दुकानदार जुन्या कॅसेटी फोनवर उतरवून देतो, त्याच्याकडे दिली. दोन दिवस मला धड झोप नाही. आणायला गेलो तर तो म्हणाला, "काम झालं, पण शेवटी टेप तुटली. फार जुनी होती. चिंता नको, फोनवर एकदम साफ करून दिलंय." मी त्याचे आभार मानले. तिथे उभा राहून ऐकायला हवं होतं. नाही ऐकलं. त्या आवाजासमोर एकटा उभा राहायचं धाडस झालं नाही, खरं तर एवढंच.

चवथीच्या दुपारी मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. लहानसा गणपती, वर चार फळांची माटोळी. टेपकार लाकडी कदेलावर बसलेले. किती लहान झाले होते. मुलगी त्यांच्या कानाशी वाकली, "बाबा, पळय, दोडामार्ग आयलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख होती, बाकी काय होतं ते मला वाचता आलं नाही.

तिने निरांजन लावलं. मी फोन गणपतीजवळ ठेवला आणि सुरू केला.

त्यांचाच आवाज. बसमध्ये तापलेला, भरलेला. पहिली ओळ आली आणि त्यांची मान वर झाली. ओळ संपली. त्यांचे ओठ उघडले, मुलीने माझा हात घट्ट धरला, आणि लगेच दुसरी ओळ सुरू झाली. मग तिसरी. श्वासाला जागा नाही. त्यांचे ओठ उघडायचे, मिटायचे, उघडायचे. हात करून उभ्या माणसासमोरून बस न थांबता जावी, तसा त्यांचाच आवाज त्यांच्यासमोरून निघून चालला होता.

"हें कितें?" मुलगी म्हणाली. "जागा खंय गेली?"

तेव्हा मला 'साफ' ह्या शब्दाचा अर्थ लागला. दुकानदाराला मधे मधे नुसती खरखर ऐकू आली असणार. त्याने ती बिचाऱ्याने मेहनतीने कापून काढली होती. मूळ टेप तुटलेली. तिला काय सांगू, हे शब्द जुळवत होतो, आणि तेवढ्यात ठोका ऐकू आला.

कदेलाच्या हातावर, डाव्या हाताचा. एक.

मुलगी घाबरली. "बाबा, राग येऊं नाका..."

पण तो राग नव्हता. मी त्या बसने खूप फिरलो आहे. मी फोन उचलला आणि अंगठ्याने गाणं थांबवलं. मधेच. त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

मुलीला उमगलं, तिने सुटलेली ओळ उचलली, चांगली म्हटली. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. हात हलला नाही. निघायचे दोन ठोके नाहीत. बस उभी. ते माझ्याकडे पाहत होते, तसेच, पाय जवळ घेऊन, त्या दिवशी ऑफिसातल्या बाकावर बसले होते तसे.

मी ओठ हलवले. ते पाहत राहिले.

मग मी ओळ म्हटली. आवाज फाटला, सूर कुठच्या कुठे गेला. ओळ संपली आणि कदेलावर दोन ठोके पडले.

मी अंगठा दाबला. पुढची ओळ, एक ठोका, अंगठा, मी आणि मुलगी, दोन ठोके. अशी ती आरती संपली. खूप वेळ लागला. टेपकार गायले नाहीत. त्यांच्या घशातून काहीही आलं नाही, हे मी लिहून ठेवतो, कारण मुलगी नंतर डोळे पुसत सगळ्यांना फोनवर "बाबान आरती म्हळी" असं सांगत होती. तिचंही खोटं म्हणवत नाही. रोज संध्याकाळी ती आता अशीच फोन हातात घेऊन बसते, असं ऐकतो.

नेवऱ्या खाल्ल्या, चहा झाला. मी निघालो. दारात चपला घालत होतो तेव्हा मागून एक ठोका आला.

मी थांबलो. आत गेलो, त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. मुलगी स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

"काका," मी म्हणालो, "त्या दिवशी साहेब आत होते."

मग मला थांबता येईना. विहीर, बाक, रोजची माणसं, कुणाकुणाला काय काय सांगितलं ते, माइक समोर आल्यावर काय झालं ते, सगळं. किती वेळ बोलत होतो, ठाऊक नाही. त्यांनी मधे हात हलवला नाही, मान हलवली नाही. शेवटपर्यंत ऐकलं. माझं बोलणं संपलं, तरी जरा वेळ ऐकत राहिले, अजून काही उरलंय का म्हणून.

मग कदेलावर दोन ठोके पडले.

मी उठलो. त्या दोन ठोक्यांचा अर्थ 'चल' एवढाच होतो.